वेनिंगच्या चपट्या तबकड्या

वेनिंग पालुपीने एकटीने बसून तयार केलेली प्रत्येक तबकडी चपटी निघत असे. कोणी शेजारी उभे राहून पाहत असताना तिने तयार केलेली प्रत्येक तबकडी गोल निघत असे.

जावा बेटावरच्या पकालोंगान शहराच्या उत्तर भागात भरतीच्या वेळी समुद्र गटारांतून उलटा शहरात शिरतो आणि ते पाणी पंपांनी परत बाहेर ढकलावे लागते. पंपघरातला माणूस ज्या स्क्रीनसमोर बसतो, ती आमच्या कार्यालयात जुळवली जाते. बटणे कोठे, दिवे कोठे, साठवण तळ्याची पातळी दाखवणारी तबकडी कोठे आणि केवढी, हे सर्व आम्ही ठरवतो. त्यासाठी आमचाच एक प्रोग्राम आहे. त्यात तबकडी म्हणजे एक उभी चौकट असते. वरच्या भागात गोल दर्शनी पृष्ठ, त्यावर आकडे आणि काटा; खाली एक अरुंद पट्टी, तिच्यात तीच पातळी अंकांत उमटते. चौकटीचा कोपरा माउसने धरून ओढला की ती लहान-मोठी होते. शिफ्टचे बटण दाबून धरले तर रुंदी आणि उंची यांचे प्रमाण कायम राहते, वर्तुळ वर्तुळच राहते. बटण दाबले नाही तर हात नेईल तशी चौकट ताणली जाते.

तयार स्क्रीन बाहेर पाठवण्यापूर्वी तपासण्याचे काम माझे. पण मी तपासत होते ते काटा योग्य कोनात फिरतो की नाही, एवढेच. तो फिरत होता. पृष्ठ किंचित पसरट आहे हे मला दिसले होते, आणि त्याला मी वेनिंगची आवड समजले होते.

पंपघरातून पाक कस्तुरींचा फोन आला तेव्हा ती समजूत संपली. (आमच्याकडे वडीलधाऱ्यांना पाक आणि बू म्हणतात, तरुणांना मास आणि म्बाक.)

"बू तितिस, तुमचा काटा खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"खालचा आकडा एक सांगतो, काटा दुसरंच. आकडा माझ्या खुर्चीवरून वाचता येत नाही, म्हणून मी काट्यावर विसंबलो. दुसरा पंप उशिरा लावला. गल्लीत घोट्याएवढं पाणी. माझ्या मेहुणीच्या घरात शिरलं, आणि आता ती माझ्याशी बोलत नाही."

"वाईट झालं."

"तेवढं एक चांगलं झालं. पण काटा नीट करा."

काटा नीटच होता. प्रोग्राम काटा त्याच्या खऱ्या कोनात काढतो, मात्र आकडे असलेले पृष्ठ चौकटीबरोबर ताणले जाते. पृष्ठ चपटे झाले की अगदी वरचा आकडा आणि दोन्ही बाजूंचे आकडे आपल्या जागी राहतात, पण त्यांच्या मधले सरकतात. दुसरा पंप लावण्याची खूण नेमकी वर आणि उजवीकडे यांच्या मधोमध होती. तेथे आकडे खाली घसरले होते, त्यामुळे काटा प्रत्यक्षापेक्षा कमी पातळी दाखवत होता.

आमचे प्रमुख पाक गुनार्सो यांनी वेनिंगला बोलावले. मीही होते, कारण स्क्रीनवर माझी सही होती. ते आवाज चढवत नाहीत. आवाज चढवणारा माणूस परवडला असता.

"म्बाक वेनिंग, शिफ्ट म्हणजे डाव्या करंगळीखालचं बटण. माहीत आहे ना?"

"हो, पाक."

"मग ते दाबून का धरलं नाही?"

"धरलं होतं, पाक. दर वेळी धरते."

"दर वेळी धरता आणि दर वेळी तबकडी चपटी. म्हणजे आमचं बटणच लबाड म्हणायचं."

वेनिंगचा वर्षाचा करार महिनाअखेर संपत होता आणि तो वाढवायचा की नाही हे पाक गुनार्सो ठरवणार होते. या नोकरीआधी ती आईच्या बातिकच्या कारखान्यात मेणाने नक्षी काढत असे. तो कारखाना आता भरतीच्या पाण्याखाली होता. परत जाण्यासारखी जागा तिच्यापाशी उरली नव्हती, आणि हे त्या खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होते.

"चला, तुमच्या खुर्चीत बसा," पाक गुनार्सो म्हणाले. "माझ्यासमोर एक तबकडी मोठी करून दाखवा."

ते तिच्या मागे उभे राहिले. वेनिंगने शिफ्ट दाबले, कोपरा धरला, ओढला, सोडला. वर्तुळ निर्दोष होते. त्यांनी आणखी एक करायला सांगितले. तेही निर्दोष. तिसऱ्या वेळी त्यांनी स्क्रीनवर पट्टी ठेवून मोजले.

"बघा," ते म्हणाले. "मी उभा असलो की जमतं."

त्यात आरोप पुरता सामावला होता. पाहणारा असला की ती बटण दाबते, नसला की कंटाळा करते. वेनिंगच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सर्व पुरावा तिच्याविरुद्ध होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने नुकताच तयार केला होता.

मला मात्र त्या पुराव्यातली एक गोष्ट खटकत होती. मी शुक्रवारपर्यंत वेळ मागितला.

"कशासाठी, बू?" पाक गुनार्सो म्हणाले. "कारण तर सापडलं."

"कारण नाही सापडलं, पाक. माणूस सापडला."

"शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर," ते म्हणाले.

खटकणारी गोष्ट अशी. बटण न दाबता ओढलेली चौकट हाताच्या मर्जीने ताणली जाते. हात कधी आडवा जास्त जाईल, कधी उभा. अशा दहा तबकड्यांमध्ये काही चपट्या निघाव्यात आणि काही उभट. वेनिंगच्या जुन्या स्क्रीन मी उघडून पाहिल्या. काही तबकड्या जरा चपट्या होत्या, काही भाकरीसारख्या बसलेल्या होत्या, पण उभट एकही नव्हती. निष्काळजीपणा इतका एकमार्गी नसतो.

सेनोचे मत वेगळे होते. सेनो हा आमचा प्रोग्राम लिहिणारा तरुण. चौकट ओढण्याचा भाग त्यानेच गेल्या वर्षी नव्याने लिहिला होता. त्याने वेनिंगच्या टेबलावर काळ्या कॉफीचा पेला आणून ठेवला आणि शेजारी जाईची तीन फुले मांडली.

"हे कोणासाठी?" मी विचारले.

"खुर्चीत जे राहतं ना, त्याच्यासाठी, बू. बसण्याआधी परवानगी मागायला हवी होती. म्बाकने मागितली नाही."

"राहत असेल तर पाक गुनार्सो आले की उठून का जातं?"

"त्यांना कोण घाबरत नाही?"

वेनिंग हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "मास सेनो, कॉफीत साखर तरी घालायची. आमचं गोड पितं."

खुर्चीचा प्रश्न सोडवणे सोपे होते. मी सेनोला तिथे एकटे बसवले, माझी पाठ फिरवली, आणि तबकड्या करायला सांगितल्या. सगळ्या गोल. मग त्याला उठवून मी बसले, तेही एकटी. माझ्या तबकड्या गोल दिसत होत्या, पण पट्टी ठेवली तेव्हा रुंदी उंचीहून बारीकशी अधिक निघाली. मी स्वतः शिफ्ट दाबून धरले होते, याबद्दल मला माझ्यापुरती खात्री होती.

याचा अर्थ खुर्ची निर्दोष होती, कारण तिच्यात सेनोला वर्तुळ जमत होते. एकटेपणही निर्दोष होते, कारण सेनोही एकटाच होता. आणि चपटेपणा केवळ वेनिंगचा नव्हता, कारण थोडासा माझ्याही वाट्याला आला होता. दोष हातात होता. पण बटण धरणाऱ्या डाव्या हातात नव्हे. माउस धरणाऱ्या उजव्या हाताकडे आतापर्यंत कोणी पाहिलेच नव्हते.

ते पाहण्यात एक अडचण होती. मी पाहायला उभी राहिले की तबकडी गोल होणार. पाहण्यानेच जी घटना नाहीशी होते, ती पाहायची कशी, असा तो पेच होता. तिच्या नकळत पाहणे मला पसंत नव्हते. तिच्यावर संशय घेणारे आधीच पुरेसे झाले होते.

म्हणून गुरुवारी दुपारी मी केळीच्या पानात बांधलेला मेगोनो, म्हणजे कोवळा फणस घातलेला भात, दोघींपुरता आणला, माझी खुर्ची तिच्या टेबलाला लावली आणि कामाविषयी एक शब्दही काढला नाही.

"तुझी आई काय करते हल्ली?" मी विचारले.

"मावशीकडे आहे, बू. तिथे उंचावर जागा मिळाली. मेणाच्या दोन चुली लावून बसते. पण गिऱ्हाइकं तक्रार करतात, पूर्वीसारखी रेघ राहिली नाही म्हणून."

"का?"

"मावशीच्या मुली भराभर ओढतात. मेण गरम असतं, त्याला धावायला लावलं की रेघ मध्येच तुटते. थांबलं की थेंब पडतो. तोडायचीही नाही, थांबायचंही नाही. एकाच चालीनं सरकायचं." तिने उजव्या हाताने हवेत रेघ ओढून दाखवली. हात जवळजवळ हलत नव्हता, आणि तरी पुढे गेला होता.

"कंटाळा नाही येत?"

"आई म्हणायची, कंटाळा आला असेल तर जाऊन तांदूळ निवड. ते त्याहून वाईट होतं."

आम्ही जेवलो. तिने हात धुतले आणि बोलता बोलता अर्धवट राहिलेली स्क्रीन पुढे घेतली. मी पानात उरलेला फणस चिवडत बसले. ती आता आईच्या मोठ्या गिऱ्हाइकाविषयी सांगत होती, जे दर सणाला उधारीचे निमित्त नवे आणत असे. तिच्या डाव्या करंगळीखाली शिफ्टचे बटण पूर्ण खाली दबलेले होते. उजव्या हाताने तिने चौकटीचा कोपरा धरला आणि ती तो एकाच चालीने, न तुटता, न थांबता सरकवू लागली. ठिपक्यापुढे ठिपका. चौकट हवी त्याहून थोडी मोठी झाल्यावर तिने कोपरा न सोडता तो तितक्याच सावकाश मागे आणला, आणि पुन्हा पुढे नेला.

तबकडी माझ्या डोळ्यांदेखत चपटी झाली.

"मागे का आणलीस?" मी विचारले.

"अं?" तिने हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "सवय, बू. कापडाच्या एका बाजूनं रेघ ओढली की उलटून तीच रेघ मागच्या बाजूनंही ओढायची. नाहीतर रंग मागून शिरतो. एकदाच ओढलेलं मला अर्धंच वाटतं."

मग तिची नजर स्क्रीनवर गेली आणि चेहरा उतरला. "बघा. परत झालं."

"होऊ दे. माझ्यासमोर झालं, हे फार उत्तम झालं. परवा पाक गुनार्सोंसमोर तू अशीच ओढलीस का?"

"त्यांच्यासमोर?" ती म्हणाली. "ते मानेवर श्वास सोडत होते, बू. कधी एकदा संपतंय असं झालं होतं मला. एका झटक्यात ओढून टाकली."

मी तिला उठवून स्वतः बसले. एक तबकडी झटक्यात मोठी केली: गोल. दुसरी तिच्यासारखी सावकाश मोठी केली: चपटी. तिसरी सावकाश मोठी करून सावकाश मागे आणली: अधिक चपटी. चौथी पुढे-मागे तीनदा नेली, आणि ती ज्या आकाराची झाली त्याला तबकडी म्हणणे अवघड होते. करण्यापूर्वी प्रत्येक वेळी मी वेनिंगला काय निघेल ते सांगत होते, आणि चारही वेळा तसेच निघाले.

"म्हणजे सावकाश केलं म्हणून?" वेनिंग म्हणाली. तिला ते पटत नव्हते. "नीट केलं म्हणून?"

"केव्हा, ते आता कळलं. का, ते अजून नाही."

का, ते सेनोला विचारायचे होते. तो आपल्या जागी कान हेडफोनने झाकून बसला होता. मी हेडफोन उचलला.

"मास सेनो, चौकट ओढण्याचा भाग उघड."

"त्यात काही नाही, बू. मी हजार वेळा ओढून बघितलंय."

"तू कसा ओढतोस?"

त्याने ओढून दाखवले. मनगटाचा एक झटका. माशी हाकलावी तसा.

"उघड," मी म्हणाले.

त्याने उघडले. तो भाग लहान होता. माउस सरकला की प्रोग्रामला खबर पोहोचते. प्रत्येक खबरीला नवी रुंदी घ्यायची आणि तिच्यावरून उंची काढायची, एवढेच त्यात होते.

"उंची कशी काढतोस?"

"चौकटीच्या आत्ताच्या उंचीला आत्ताच्या रुंदीने भागतो, आणि नव्या रुंदीने गुणतो. प्रमाण कायम."

"उत्तरात अपूर्णांक आला तर?"

"स्क्रीनवर अर्धा ठिपका नसतो, बू. वरचं टाकून देतो. ठिपक्याहून कमीच असतं ते. कुणाला दिसतंय?"

मी कागद ओढला. "चौकट चारशे ठिपके रुंद आणि पाचशे उंच. रुंदी एक ठिपका वाढली. उंची किती वाढायला हवी?"

"सव्वा ठिपका."

"आणि वाढते किती?"

"एक. पाव टाकला." तो खांदे उडवणार होता, पण मध्येच थांबला.

"आता पुढची खबर येते. आत्ताची चौकट कोणती?"

"जिच्यातून पाव गेलाय ती." आता त्याचा आवाज हळू झाला होता. "तिचं प्रमाण काढलं. परत जवळजवळ पाव टाकला. मग तिच्यावरून पुढची." त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. "मी झटक्यात ओढतो, तेव्हा अशा चार-पाचच खबरी येतात. ती ओढते तेव्हा…"

"ठिपक्यागणिक एक."

"आणि मागे आणताना?" वेनिंगने विचारले. ती माझ्या मागे येऊन उभी होती.

सेनोने ते कागदावर केले. रुंदी एक ठिपका कमी झाली, म्हणजे उंची सव्वा ठिपका कमी व्हावी. उरायला हवे चारशे अठ्ठ्याण्णव आणि पाऊण. त्यातला पाऊण टाकला की उंची थेट दोन ठिपक्यांनी खाली. तो आकडा त्याने दोनदा गिरवला.

"पुढे जाताना पाव, मागे येताना पाऊण," तो म्हणाला. "आणि दोन्ही वेळा उंचीतूनच. म्हणून उभट कधी निघाली नाही." त्याने डोके खाजवले. "म्बाक, त्या खुर्चीत मीच राहत होतो."

"कॉफी प्यायलास का?" वेनिंगने विचारले.

"गार झाली होती."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर पाक गुनार्सो आले. मी त्यांना काहीही समजावून सांगितले नाही, खुर्चीत बसवले. त्यांनी शिफ्ट दाबून एक तबकडी ओढली आणि ती गोल झाली.

"मग?" ते म्हणाले.

"आता काठोकाठ भरलेली वाटी नेतोय असं समजून ओढा, पाक. शिफ्ट सोडू नका. मोठी करा, आणि तशीच मागे आणा."

त्यांनी ओढली. ते चिकाटीचे गृहस्थ आहेत. एकदा सांगितल्यावर त्यांनी वाटीतला थेंबही सांडू दिला नाही. तबकडी बसली. त्यांनी आपल्या डाव्या करंगळीकडे पाहिले. ती बटणावरच होती. त्यांनी आणखी एकदा ओढली, आणि पुन्हा करंगळीकडे पाहिले.

"मी धरलं होतं," ते म्हणाले.

"हो, पाक," वेनिंग म्हणाली. "दिसलं आम्हाला."

सेनोने खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवले. पाक गुनार्सो उठताना म्हणाले, "म्बाक वेनिंग, पंपघराच्या सगळ्या स्क्रीन नव्याने कराव्या लागतील. वर्ष जाईल त्यात. कराराचं सोमवारी माझ्याकडे येऊन बघा." दारापाशी ते थांबले. "आणि मास सेनो, दुरुस्त केलंत की तुम्ही स्वतः तपासू नका. यांना द्या."

सेनोने दुरुस्ती त्याच दुपारी केली. ती एका ओळीची होती. वेनिंगने नवी तबकडी आपल्या चालीने मोठी केली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. मी पट्टी ठेवली. वर्तुळ होते. त्या संध्याकाळी मी पाक कस्तुरींना फोन करून सांगितले की नवी स्क्रीन येईपर्यंत खुर्ची पुढे ओढून आकडाच वाचा. मेहुणी अजून बोलत नाही, असे त्यांनी समाधानाने कळवले.

कारण असे होते. कोपरा ओढला जात असताना, माउस सरकल्याच्या प्रत्येक खबरीला प्रोग्राम चौकटीचे प्रमाण नव्याने काढत होता. ते ओढायला आरंभ करतानाच्या चौकटीवरून काढायला हवे होते; तो नुकत्याच बदललेल्या चौकटीवरून काढत होता. दर वेळी उंचीचा अपूर्णांक टाकून दिला जाई, आणि पुढचे प्रमाण त्या तुटीसकट निघे. हात जितका सावकाश, तितक्या खबरी अधिक आणि तितकी तूट मोठी. वेनिंग एकटी असताना सावकाश ओढत होती, आणि कोणी पाहत असताना घाईने.